घरून ऑफिसचं टॅली उघडायचंय? मग व्हीपीएन नीट निवडा

फायरवॉलचं, म्हणजे ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामधल्या पहारेकरी यंत्राचं, रिन्यूअल आलं की व्हेंडर हल्ली एक नवं वाक्य ऐकवतो: ‘साहेब, तुमचा एसएसएल व्हीपीएन बंद होणार, आयपीसेकवर जावं लागेल.’ बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतला (जीआयडीसी) वर्कशॉपवाला किंवा रावपुऱ्यातला सीए यावर काय बोलणार? कोटेशनवर सही करतो आणि विषय संपवतो.

व्हेंडर खोटं बोलत नसतो. फायरवॉल बनवणाऱ्या फोर्टिनेटने २०२५ मध्ये आपल्या फोर्टिओएस या सॉफ्टवेअरच्या ७.६.३ आवृत्तीपासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड काढून टाकला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांमधून पीपीटीपी आणि एल२टीपी हे दोन जुने प्रकार जाणार. बदल खरा आहे. प्रश्न एवढाच की त्यातून तुम्ही कुठे जायचं, आणि त्याचं उत्तर ‘कोणाचं एन्क्रिप्शन (माहितीला लावलेलं सांकेतिक कुलूप) भारी’ यावर ठरत नाही. आजचे सगळे चालू प्रकार त्या बाबतीत पुरेसे पक्के आहेत. घोटाळा होतो तो दुसरीकडे: बाहेरून काय दिसतं, आत कोण येतं, आल्यावर कुठपर्यंत जातं आणि त्याला बाहेर कसं काढायचं.

व्हीपीएन म्हणजे काय, आणि काय नाही

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून काढलेली कुलूपबंद खासगी वाट. घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचं राउटर यांच्यामध्ये ती तयार होते, मधल्या कोणालाही आतलं वाचता येत नाही आणि लॅपटॉप जणू ऑफिसच्याच वायरिंगला जोडल्यासारखा वागतो. या वाटेला टनेल म्हणतात.

यूट्यूबवर जाहिरात येते तो व्हीपीएन वेगळा. तो तुमचा पत्ता लपवतो आणि तुम्हाला नेदरलँड्समधून इंटरनेटवर सोडतो. ऑफिसच्या टॅलीपर्यंत तो पोहोचवत नाही. ‘आम्ही व्हीपीएन घेतलाय’ असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कुठला?

आधी ३३८९ बंद करा

व्हीपीएन नसलेल्या ऑफिसांत हमखास सापडणारा जुगाड असा: राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडायचं. रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट ३३८९. (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा खिडकी क्रमांक.) घरून पत्ता टाकला, पासवर्ड दिला, टॅली समोर. सोपं आहे, फुकट आहे, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आत शिरण्याचा हाच एक ठरलेला रस्ता आहे.

‘आम्ही पोर्ट बदलून ३३९० केलाय’ याचा उपयोग नाही. अख्ख्या इंटरनेटवरचे पत्ते आणि पोर्ट चाचपणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. ३३९० वर कोण उत्तर देतंय हे त्यांना तितक्याच सहज कळतं. मग पासवर्डचा मारा सुरू होतो. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या त्रुटीला तर पासवर्डचीही गरज नव्हती. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ वर ती लागू होती आणि तसली यंत्रं कारखान्यांत अजूनही धूळ खात चालू असतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाचं पान उघडा. तिथल्या ३३८९ च्या नोंदी आणि सीसीटीव्हीवाल्याने टाकलेल्या नोंदी आजच बघा. काय आहे ते कळत नसेल तर बंद करा. ज्याचं काम अडेल तो फोन करेल.

पीपीटीपी आणि एल२टीपी

इथे फार वेळ घालवायला नको. पीपीटीपीचा तपशील १९९९ साली प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी डेफकॉन या हॅकर परिषदेत दाखवून दिलं की त्याचं लॉगिन पकडलं तर २४ तासांच्या आत फोडता येतं, पासवर्ड कितीही लांब असो. ॲपलने २०१६ मध्ये तो काढला. जुन्या राउटरवर हा पर्याय अजून दिसतो. दिसू द्या, वापरू नका.

एल२टीपी स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नाही, ते काम तो आयपीसेककडून करून घेतो. मग थेट आयपीसेकच का नाही? अँड्रॉइड १२ पासून फोनवर नवं एल२टीपी जोडताच येत नाही.

आयपीसेक आणि आयकेईव्ही२

आयपीसेक हा जुना, भारदस्त आणि सगळ्या कंपन्यांच्या फायरवॉलना समजणारा प्रकार. दोन टोकांनी एकमेकांना ओळखून किल्ल्या ठरवायच्या कामाला आयकेई म्हणतात आणि त्याची २००५ पासूनची दुसरी आवृत्ती म्हणजे आयकेईव्ही२. विंडोज, आयफोन, मॅक, नवे अँड्रॉइड या सगळ्यांत ती मुळातच असते, वेगळं ॲप लागत नाही. शिवाय वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी टनेल तुटत नाही.

दोन जागा कायमच्या जोडायच्या असतील, म्हणजे मकरपुऱ्याचं ऑफिस आणि हालोलचा प्लांट, तर आयपीसेकला तोड नाही. दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपनीचे फायरवॉल असले तरी चालतं.

चुका ठरलेल्या असतात. टनेल ‘अप’ दाखवतो पण पलीकडचा प्रिंटरसुद्धा पिंग होत नाही (‘आहेस का?’ या हाकेला उत्तर देत नाही), असं झालं की नव्वद टक्के वेळ दोन्हीकडे लिहिलेल्या नेटवर्कच्या पत्त्यांत फरक असतो. एकीकडे /२४ आणि दुसरीकडे /१६ (नेटवर्क केवढं ते सांगणारे आकडे), एवढं पुरतं. टनेल मुळात उभाच राहत नसेल तर एन्क्रिप्शनचे पर्याय जुळत नाहीत. यात विंडोजची एक खोड आहे. त्याचा अंगभूत आयकेईव्ही२ क्लायंट काहीही न बदलता १०२४ बिटांचा जुना किल्लीगट मागतो. चांगला फायरवॉल तो नाकारतो. मग व्हेंडर वैतागून फायरवॉलचीच सेटिंग खाली आणतो. उलट करायला हवं: लॅपटॉपवर पॉवरशेलच्या एका आज्ञेने पर्याय वर नेता येतात. कोटेशनवर सही करण्याआधी व्हेंडरला हे विचारलंत तर तो तुमच्याकडे जरा आदराने बघेल.

आयपीसेकला यूडीपी (पोहोच न मागता माहिती पाठवायची पद्धत) ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट लागतात. काही हॉटेलांच्या वायफायवर ते बंद असतात. तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट.

एसएसएल व्हीपीएन: एका नावाखाली दोन गोष्टी

वेबसाइटच्या पत्त्यापुढे जे कुलूप दिसतं, त्याच तंत्रावर, म्हणजे टीएलएसवर, चालणाऱ्या व्हीपीएनला सैलपणे एसएसएल व्हीपीएन म्हणतात. यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळाच गोंधळ.

पहिली जात फायरवॉल कंपन्यांची. ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं, तिथून आत. अडचण अशी की हे पान साऱ्या जगाला दिसतं आणि त्यामागे खूप गुंतागुंतीचं सॉफ्टवेअर असतं. त्यात भोक सापडलं की पासवर्डचा प्रश्नच उरत नाही. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन यंत्रांतल्या दोन त्रुटी एकत्र वापरून चोर आत शिरत होते. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना ४८ तासांत ती यंत्रं नेटवर्कवरून काढायला सांगितलं. पल्स सिक्युअर आणि फोर्टिनेटच्याही अशाच त्रुटी आधी गाजल्या होत्या. कंपन्या हे फाटक बंद करताहेत ते त्यामुळे.

दुसरी जात ओपनव्हीपीएन. २००१ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर, स्वतःचं ॲप, प्रत्येकाची ओळख पटवणारी स्वतःची डिजिटल प्रमाणपत्रं. व्हेंडर ‘एसएसएल व्हीपीएन बंद’ म्हणतो तेव्हा हे बंद होत नसतं. त्याचा मोठा गुण असा की तो टीसीपी (पोहोच घेऊन पाठवायची पद्धत) ४४३ वरही चालतो, म्हणजे साध्या वेबसाइटच्या वाटेने. हॉटेल, विमानतळ, कडक नियमांचं क्लायंटचं ऑफिस, सगळीकडून निघतो. पण हे आणीबाणीचं साधन. रोज टीसीपीवर चालवलात तर लाइन जराशी खराब झाली की आतला आणि बाहेरचा असे दोन्ही टीसीपी हरवलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) आपापल्या परीने पुन्हा पाठवत बसतात आणि वेग कोसळतो. रोजच्यासाठी यूडीपी ११९४.

ओपनव्हीपीएनचा एक झटका माहीत असावा. सोमवारी सकाळी एकाचाही लॅपटॉप जोडला जात नाही, सेटिंग तर कोणी बदललेली नाही. बहुतेक वेळा रद्द प्रमाणपत्रांच्या यादीची मुदत संपलेली असते. प्रमाणपत्रं बनवणारं ईझी-आरएसए हे साधन त्या यादीला स्वतःहून १८० दिवसांची मुदत देतं आणि माणसांच्या प्रमाणपत्रांना ८२५ दिवसांची. यादी शिळी झाली की सर्व्हर सगळ्यांनाच नाकारतो. नवी यादी काढून ठेवली की पाच मिनिटांत सुरळीत. ही तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा.

वायरगार्ड

मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत दाखल झालेला हा प्रकार सगळ्यात नवा आणि सगळ्यात आटोपशीर. मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेकपेक्षा कितीतरी पटींनी कमी. कोड कमी म्हणजे भोकं लपायला जागा कमी. एन्क्रिप्शनचे पर्याय निवडायचेच नसतात, एकच ठरलेला संच आहे, त्यामुळे ‘जुळत नाही’ ही भानगडच नाही. जुन्या, मंद राउटरवरही तो चांगला पळतो.

त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगाचा नाही. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. नकारसुद्धा नाही. बाहेरून पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. फायरवॉलच्या लॉगिन पानाच्या अगदी उलट.

प्रत्येक यंत्राला किल्ल्यांची एक जोडी: खासगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, जाहीर किल्ली राउटरला द्यायची. नाव नाही, पासवर्ड नाही. इथेच त्याची उणीवही आहे, कारण ओटीपीसारखा दुसरा टप्पा मुळात नाही. लॅपटॉप चोरीला गेला की किल्लीही गेली. म्हणून लॅपटॉपची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली हवी, आणि टनेलच्या पलीकडे विंडोजचा पासवर्ड वेगळा हवाच.

एकच किल्ली दोन यंत्रांवर टाकण्याचा मोह होतो, ‘माझाच फोन, माझाच लॅपटॉप’. दोन्ही चालू असताना राउटर ज्याचं पॅकेट शेवटी आलं त्याच्याकडे वळतो. दोघेही दर काही सेकंदांनी लटकतात आणि दोष इंटरनेट कंपनीला जातो. यंत्र तितक्या किल्ल्या, यात सूट नाही.

विंडोजवर टनेल चालू-बंद करायला साधारणपणे ॲडमिनचे हक्क लागतात, तेव्हा अकाउंटंटला लॅपटॉप देण्याआधी त्याची सोय करून ठेवा. आणि सेटिंगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांत राहिलं की मधलं राउटर ही वाट विसरून जातं.

‘पण आमच्याकडे स्टॅटिक आयपी नाही’

वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकारात बाहेरून ऑफिसच्या राउटरपर्यंत पोहोचता यायला हवं. पुष्कळ फायबर आणि केबलवाले शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तिथे बाहेरून आत येणारी जोडणी तुमच्यापर्यंत येतच नाही, मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ बघा. मग गूगलला ‘माझा आयपी काय’ विचारा. दोन्ही आकडे एकच असतील तर ठीक. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल, किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

उपाय तीन. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्या. सगळ्यात सरळ उपाय हाच. किंवा भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन ऑफिस आणि लॅपटॉप दोघांनाही त्याला वायरगार्डने जोडा. किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरा. ती आतून वायरगार्डच आहे. फरक इतकाच की दोन यंत्रांची गाठ घालून देण्याचं काम कंपनीचा मधला सर्व्हर करतो. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे पोर्ट उघडायची गरजच नाही. थेट जोडणी नाही जमली तर माहिती त्यांच्या रिलेवरून जाते, एन्क्रिप्टेडच, पण जरा हळू.

‘मग आपला डेटा परक्यांच्या हातात?’ खासगी किल्ल्या तुमच्याच यंत्रांवर राहतात, मधल्या सर्व्हरकडे फक्त जाहीर किल्ल्या असतात. मात्र कोण आत येऊ शकतं ही यादी त्यांच्याकडे असते आणि लॉगिन तुमच्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातून होतं. म्हणजे त्या खात्याचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन तेच तुमच्या व्हीपीएनचं कुलूप. ते चालू नसेल तर बाकी सगळं कागदावर.

जोडला गेला, पण टॅली रांगतंय

यावर सगळ्यात जास्त तक्रारी येतात आणि यात व्हीपीएनचा दोष जवळपास नसतोच. होतं असं: टनेल लागल्यावर ऑफिसचं शेअर केलेलं फोल्डर घरच्या लॅपटॉपवर दिसतं. तिथून टॅली कंपनी उघडली जाते. आता टॅली घरी चालतंय आणि डेटा ऑफिसमध्ये आहे. एका रिपोर्टसाठी टॅली फाइलमधून हजारो छोटे तुकडे एकामागून एक मागतं. समजा ५,००० मागण्या. ऑफिसच्या वायरिंगवर एकेका मागणीला अर्धा मिलिसेकंद धरला तर अडीच सेकंदांत काम. घरून तोच फेरा ४० मिलिसेकंदांचा धरला तर २०० सेकंद. लाइन ३०० एमबीपीएसची केलीत तरी हे कमी होत नाही, कारण अडतंय ते रुंदीमुळे नाही, फेऱ्यांमुळे. आणि लिहिता लिहिता जोडणी तुटली तर डेटा खराब व्हायची भीती वेगळीच.

टॅली ऑफिसच्याच यंत्रावर चालवा आणि व्हीपीएनमधून फक्त त्याचा पडदा घरी आणा. म्हणजे तेच रिमोट डेस्कटॉप, पण आता टनेलच्या आत, इंटरनेटवर उघडं नाही. एका माणसाला एक एमबीपीएस पुरून उरतं.

इथे विंडोजच्या अटी आडव्या येतात. होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेताच येत नाही, प्रो लागते. प्रोवरही एका वेळी एकच माणूस. घरून कोणी आत आलं की ऑफिसात त्या खुर्चीवर बसलेल्याचा पडदा लॉक होतो. एकाच यंत्रावर एकाच वेळी दोघा-तिघांना काम करायचं तर विंडोज सर्व्हर, त्याचे रिमोट डेस्कटॉपचे परवाने आणि टॅलीचं मल्टी-यूजर लायसन्स, असा तिहेरी खर्च. तीन माणसांना आपापले तीन प्रो डेस्कटॉप आणि टॅलीचं मल्टी-यूजर लायसन्स, हे अनेकदा स्वस्त पडतं.

ड्रॉइंगच्या जड फाइली घरी ओढायच्या असतील तर ऑफिसच्या प्लॅनचा अपलोड बघा, डाउनलोड नाही. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. ६०० एमबीची फाइल आठ मिनिटं घेणारच.

आणखी एक बारीक गोष्ट. उत्तरायणाची दोन दिवसांची सुट्टी, ११ तारखेची जीएसटीआर-१ झालेली, २० ची ३बी समोर, अकाउंटंट मांजलपुरात घरी. ऑफिसात वीज जाऊन आली आणि डेस्कटॉप बंदच राहिला. व्हीपीएन जोडलेला, पण आत कोणी जागं नाही. यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ नावाची सेटिंग असते, ती ‘ऑन’ करून ठेवा. राउटर यूपीएसवर घ्या. विंडोजची स्लीप बंद करा.

जोडला जातो, पण काहीच उघडत नाही

पहिला संशयित पत्त्यांची टक्कर. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि घरच्या राउटरचंही तेच. लॅपटॉप १९२.१६८.१.१० शोधतो तेव्हा तो घरातच शोधतो, टनेलकडे वळतच नाही. हे घरोघरी बदलत बसण्यापेक्षा ऑफिसचं नेटवर्क एकदाच वेगळं करा, १०.४७.२० सारखं कोणी सहसा वापरत नाही असं. रविवारचं काम आहे, प्रिंटर आणि बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र विसरू नका.

दुसरा, पॅकेटचा आकार. पिंग होतं, लॉगिन होतं आणि पडदा यायच्या वेळी अडतं, किंवा छोटी फाइल येते, मोठी नाही. टनेलचं आवरण चढल्यावर पॅकेट मधल्या एखाद्या नेटवर्कला मोठं पडतं आणि ते गुपचूप टाकून दिलं जातं. वायरगार्डचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बहुतेक ठिकाणी १४२० असतो. मोबाइल डेटावरून अडत असेल तर १३८० करून बघा, नाहीतर थेट १२८०. वेगात फरक जाणवत नाही.

तिसरा, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. ओपनव्हीपीएनला मग प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं वाटतं. वायरगार्ड तर मागच्या तारखेची हाक जुनी नक्कल समजून नाकारतो, कोणताही संदेश न देता. छोटा गोल सेल बदलला की व्हीपीएन ‘दुरुस्त’.

आत आल्यावर कुठपर्यंत?

व्हीपीएन हा बडोद्यातल्या जुन्या पोळेच्या, म्हणजे एकाच दरवाजाने बंद होणाऱ्या गल्लीच्या, दरवाजासारखा असतो. दरवाजा भक्कम, रात्री बंद. पण एकदा आत शिरलात की ओटे लागून ओटे, कोणत्याही घरापुढे जाऊन उभं राहता येतं. साध्या व्हीपीएनमध्ये अकाउंटंटचा लॅपटॉप आत आला की त्याला टॅलीबरोबर सीसीटीव्ही, सीएनसी मशीनचा पीसी, मालकाचं फोल्डर, बॅकअपची डिस्क सगळंच दिसतं. त्याच्या लॅपटॉपवर व्हायरस असेल तर त्यालाही.

उपाय फायरवॉलच्या दोन ओळींचा आहे: व्हीपीएनवरून येणाऱ्या या पत्त्याला फक्त १०.४७.२०.१० वर, फक्त ३३८९. बाकी सगळं नाही. कोटेशनमध्ये हा मुद्दा सहसा नसतो, तो लिहून घ्या. बॅकअपची एक प्रत तरी अशा डिस्कवर ठेवा जी व्हीपीएनवरून दिसतच नाही, किंवा जी काढून कपाटात ठेवली जाते.

हाच विचार टोकाला नेला की त्याला ‘झिरो ट्रस्ट’ म्हणतात: नेटवर्कमध्ये घ्यायचंच नाही, प्रत्येक ॲपपाशी पुन्हा ओळख विचारायची. गूगलने आपल्याकडची अशी व्यवस्था २०१४ मध्ये जाहीरपणे मांडली. वीस माणसांच्या ऑफिसाला त्याचं महागडं पॅकेज लागत नाही. वरच्या दोन ओळी त्यातलं बरंचसं देऊन जातात.

नेहमीच्या शंका

*‘एनीडेस्क आहे की!’* दूरचा संगणक आपल्या पडद्यावर आणणारं हे ॲप सपोर्टसाठी ठीक. रोजच्या कामासाठी फुकट आवृत्ती व्यवसायात चालत नाही, आणि कायम पासवर्ड ठेवून चोवीस तास चालू ठेवलं तर तेही एक उघडं दारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं होतं. शिवाय ‘एनीडेस्क टाका’ म्हणणारे फसवे फोन सगळ्यांना येतात. स्टाफला त्याची सवय नसलेली बरी.

*‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’* तुमचा डेटा दुसऱ्या कोणाला नको असेल, तुम्हाला तर हवाच आहे ना? रॅन्समवेअरवाला तो तुम्हालाच विकतो.

*‘पासवर्ड चांगला लांब आहे.’* मे २०२१ मध्ये अमेरिकेची कलोनियल पाइपलाइन बंद पडली. चोर आले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला फक्त पासवर्ड होता, दुसरा टप्पा नव्हता. तो पासवर्ड दुसरीकडून फुटलेल्या यादीत सापडला. ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर, खंडणी द्यावी लागली.

*‘सरकारच्या नियमाने व्हीपीएनवाल्यांना पाच वर्षं नोंदी ठेवाव्या लागतात, मग आपल्याला?’* केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, म्हणजे सर्ट-इनचा, २८ एप्रिल २०२२ चा तो आदेश. ग्राहकांच्या पाच वर्षांच्या नोंदी सर्वसामान्यांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहेत, कंपनीच्या स्वतःच्या व्हीपीएनला नाहीत, असा खुलासा सर्ट-इनने केला आहे. मात्र सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवणं यातून कंपन्यांची सुटका नाही. तेव्हा राउटरचे लॉग कुठेतरी साठताहेत ना, एवढं बघा. छोट्या राउटरमध्ये ते रीस्टार्ट झाला की पुसले जातात.

*‘टॅली क्लाउडवरच ठेवलं तर?’* चांगला पर्याय आहे, पण क्लाउडवाल्याला एकच प्रश्न विचारा: माझं रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडं आहे का? उत्तर ‘हो, पण पोर्ट वेगळा आहे’ असं आलं तर हा लेख वरून पुन्हा वाचा.

मग कोणी काय घ्यावं

दोन-चार माणसं, स्टॅटिक आयपी नाही, ऑफिसात संगणकातलं कळणारं कोणी नाही: टेलस्केलसारखी सेवा, टू-स्टेप लॉगिनसह. दहा-पंधरा माणसं, स्टॅटिक आयपी आणि महिन्यातून एकदा येणारा जाणकार माणूस: वायरगार्ड; मायक्रोटिकच्या छोट्या राउटरवरही राउटरओएस ७ पासून तो आहे. फायरवॉल आधीच विकत घेतलेला आहे, रिन्यूअल भरलेलं आहे: त्याच्यावरच आयकेईव्ही२, ओटीपी लावून, नवं खोकं घेऊ नका. दोन जागा जोडायच्या: आयपीसेक. आणि क्लायंटच्या ऑफिसातून, हॉटेलातून वारंवार काम करणाऱ्यांसाठी ओपनव्हीपीएन ४४३ वर, राखीव.

कोणताही घ्या, चाचणी ऑफिसच्या वायफायवरून करू नका. तिथून सगळंच चालल्यासारखं दिसतं. फोनच्या हॉटस्पॉटवर, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमवर करा.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा

हे आधी विचारून ठेवा, कारण प्रकारागणिक उत्तर बदलतं. वायरगार्डमध्ये राउटरवरून त्याची जाहीर किल्ली काढली की त्या क्षणी संपलं. टेलस्केलमध्ये त्याचं ईमेल खातं बंद करा आणि यादीतून त्याची यंत्रंही काढा, नुसतं खातं पुरत नाही. ओपनव्हीपीएनमध्ये प्रमाणपत्र रद्द करून नवी यादी सर्व्हरवर टाकावी लागते. फक्त फाइल डिलीट केली तर तो घरून येतच राहतो. आयपीसेकमध्ये सगळ्यांना मिळून एकच गुप्त शब्द दिलेला असेल तर तो बदलावा लागतो, आणि मग राहिलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवरही. तेवढ्यासाठीच तो बदलला जात नाही. म्हणून सुरुवातीलाच व्हेंडरला सांगा की प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, आणि ते बंद कसं करायचं हे तुमच्यासमोर एकदा करून दाखव.